आहेराच्या वहीतले प्रोग्राम

माझ्या मामाचं अक्षर आमच्या वस्तीत सगळ्यात देखणं. त्यामुळे कुणाचंही लग्न असलं की मांडवाच्या कडेला सतरंजीवर मामा आहेराची वही घेऊन बसलेला असायचा, आणि त्याच्या शेजारी मी, पट्टीनं रेघा मारून द्यायला. देणाऱ्याचं नाव, गाव, वस्तू, असे तीन रकाने. मामाचा एक नेम होता. आलेली वस्तू लिहायची, तिच्याबद्दल काही लिहायचं नाही. परात चेपलेली असली तरी वहीत नुसतं 'परात'. एकदा मी शहाणपणा करून 'परात, चेपलेली' असं लिहिलं तर मामानं पेन्सिलीचं टोक माझ्या डोक्यात टोचलं. मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण परात खरंच चेपलेली होती.

मी पहिल्यापासून अशीच. दिसेल त्याला नाव ठेवणारी. आई म्हणायची, "हिले राजवाड्यात नेऊन ठेवलं तरी हे पयले भितीची भेग दाखवीन." आईचं काही चुकत नव्हतं. पण अशी मी, सौंसरच्या शाळेत गणिताची बाई झाल्यावर जी यादी करायला बसले, ती मात्र मामाच्या तीन रकान्यांत करून बसले, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून झाला.

ऐंशीचं दशक निम्मं सरल्यावर सरकारी योजनेतून आमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले. नकाशे ठेवायची खोली झाडून त्यांना दिली. दारात नारळ फोडला, खिडकीला हिरवा पडदा लावला आणि आत जाताना चपला बाहेर काढायची पद्धत पडली, ती कुणी पाडली ते कळलं नाही. शिकायला कोणाला पाठवायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळ्यात नवी, सव्वीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, म्हणजे तीन आठवडे भोपाळला पाठवायला सगळ्यात सोयीची. गेले, आणि परत आले ती चांगलीच शेफारून. स्टाफरूममध्ये कुणी साधी बेरीज चुकलं तरी मी म्हणायची, "हे मशीनवर झालं नसतं."

मशीनला काय करायचं ते ओळीनं लिहून द्यावं लागे. प्रत्येक ओळीला नंबर. दहा, वीस, तीस. असा लिहिलेला प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. कोऱ्या कॅसेटी हाताशी नसायच्या, म्हणून आम्ही घरच्या जुन्या वापरायचो. माझा पहिला प्रोग्राम भीमगीतांच्या कॅसेटवर होता. टेपवर लावला तर नुसती किर्रकिर्र, आणि प्रोग्राम संपल्यावर टेप बंद करायला विसरलं की एकदम ढोलकी सुरू. मुलांना तेवढाच भाग आवडायचा.

आमच्यासारखी यंत्रं आसपासच्या आणखी काही शाळांतही आली होती, एक पांढुर्ण्याला, बाकी छिंदवाड्याकडे. महिन्यातून एका शनिवारी त्या शाळांची माणसं सौंसरला जमायची. ज्यानं जो प्रोग्राम लिहिला असेल तो तो घेऊन यायचा, बाकीचे आपल्या कॅसेटवर उतरवून न्यायचे. विकणं नाही, विकत घेणं नाही. आवडलं नाही तर ओळी बदलायच्या, त्यालाही कुणाची ना नाही. आता या गोष्टीला मोठमोठी नावं आहेत म्हणे. आम्हाला ते शेजारणीकडून विरजण आणण्यासारखं वाटायचं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पण चार महिन्यांत कॅसेटींचा ढीग झाला आणि कोणता प्रोग्राम कुठं आहे ते सापडेना. कॅसेट कोणती, तिची बाजू कोणती, टेपच्या काउंटरवर कितीव्या आकड्याला सुरू होतो, काहीच नोंद नाही. मीच तोंड वर करून म्हणाले, "याची यादी पायजे." सगळे म्हणाले, "करा मग." मी रेघा मारल्या. देणाऱ्याचं नाव, गाव, वस्तू. शेवटी काउंटरचा आकडा. ऑफिसातल्या टाइपरायटरवर स्टेन्सिल कापलं, परीक्षेचे पेपर छापायच्या सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या आणि काळ्या बोटांनी पुढच्या बैठकीत वाटल्या. फार समाधान वाटलं. त्या वयात छापलेल्या कागदाचं फार वाटतं.

त्या बैठकीत आमच्यातले मोठे सर उठले. छिंदवाड्याकडच्या एका शाळेत गणित शिकवत, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मशीनला ते आमच्या सगळ्यांच्या आधी भिडले होते. त्यांनी यादी हातात घेतली, रकाने पाहिले आणि लग्नात लाउडस्पीकरवर आहेर पुकारतात त्या आवाजात वाचायला लागले. "सौंसरच्या बाईंकडून, निकालपत्रकाचा एक प्रोग्राम! छिंदवाड्याच्या हेडमास्तरांकडून, पाढ्यांचा एक!" खोलीत हसून हसून मुरकुंडी वळली. मीही हसले. गंमत म्हणजे प्रत्येकाचं नाव आलं की तो माणूस जरा ताठ बसायचा.

आणि मग आहेराचं जे होतं ते सगळं झालं.

आलेला आहेर परत करता येत नाही. त्यामुळे जो प्रोग्राम येईल तो यादीत चढायचा. पाढे शिकवणारे चौदा झाले. त्यातले चार सतरापर्यंतच जायचे आणि एक तर सात नव्वे बासष्ट सांगायचा. घेतलेल्या आहेराची परतफेड करावीच लागते, म्हणून ज्यानं काही उतरवून नेलं तो पुढच्या महिन्यात काहीतरी लिहून आणायचाच, गरज असो नसो. वाढदिवसाला वय सांगणारा, नाव उलटं लिहून दाखवणारा, नाणं उडवणारा. आणि लग्नातलं ब्लाउजपीस जसं घडी न मोडता सात घरं फिरतं तसे काही प्रोग्रामही फिरायला लागले. एक दिवस माझाच निकालपत्रकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या नावानं माझ्याकडं आहेर म्हणून आला. तिसाव्या ओळीतली माझी टायपिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी. नाव, गाव, वस्तू लिहून घेतलं.

यादी त्रेसष्टवर गेली. मी मनातल्या मनात चरफडायची, पण मोठ्या सरांना एकदा सांगून पाहिलं तर ते म्हणाले, "बाई, धर्माची गाय अन् दात का नाय? कोनी हौसेनं देऊन राहिला, तुमी लिहून घ्या." मीही मग दात मोजायचं सोडलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. यादी लांब झाली की यादी करणारी मोठी होते.

पांढुर्ण्याच्या शाळेतून बैठकीला एक मावशी यायच्या. तिथं लॅबमध्ये अटेंडंट होत्या, म्हणजे बरण्या पुसणं, कुलूप लावणं आणि आता मशीनचं झाकण झटकणं. दहावी पास. नवऱ्याची थोडी कपाशी, सावरगावला घर, रोज जाम नदी ओलांडून शाळेत यायच्या. तिथल्या एकाही शिक्षकाला मशीनला हात लावायचा नव्हता, म्हणून कॅसेटी आणायला हेडमास्तरांनी मावशींना पाठवलं, आणि आणता आणता त्याच मशीन चालवायला लागल्या. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून. त्या दर महिन्याला चार-पाच कॅसेटी उतरवून न्यायच्या आणि पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसून बारीक आवाजात विचारायच्या, "मॅडम, हे पन्नास नंबरची ओळ कायले टाकली जी?" मला उत्तर येत असलं की मी सांगायची. येत नसलं की म्हणायची, "ते तसंच असते."

मला त्या आवडायच्या. मी सांगते ते कुणीतरी खरोखर ऐकतं आहे हे मला दुसऱ्या कुठल्या वर्गात जाणवायचं नाही.

दिवाळीनंतरच्या बैठकीत मावशी कॅसेटी पिशवीत भरत होत्या. त्या दिवशी माझी स्वारी रंगात होती. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मावशी, नेता तर भारी जी तुमी! तुमचा आहेर कधी येते?" सगळे हसले. मावशीही हसल्या, पदर तोंडाला लावून. चहा आला तोवर मी ते विसरूनही गेले.

पुढच्या महिन्यात त्या सगळ्यांच्या आधी आल्या. कापडी पिशवीतून एकेक कॅसेट काढून टेबलावर ठेवली, प्रत्येकीला वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलं होतं.

"हे घ्या जी. समद्या हायेत. पाहून घ्या."

"काऊन मावशी? काय झालं?"

"काई नाई झालं. आता नाई नेत मी."

"अवो पन काऊन?"

"इतके महिने झाले, नुसती नेऊन राहिली. द्याले तर माह्याजवळ काई नाई. मले लिहिता नाई येत तुमच्यावानी." त्यांनी पिशवीची घडी घातली. "तुमी म्हनलं नं जी त्या दिशी. बरोबरच म्हनलं."

बैठक सुरू व्हायच्या आत त्या बसस्टँडकडं निघूनही गेल्या. मी टेबलावरच्या त्या पुड्यांकडं बघत राहिले. आपण काय बोललो होतो ते मला आठवायला थोडा वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या.

पुढच्या दोन बैठकांना पांढुर्ण्याचं कुणी आलं नाही. तिसऱ्याला हेडमास्तर स्वतः आले. मी मशीनचं विचारलं तर ते खुशीत म्हणाले, "मशीन एकदम सुरक्षित हाय. कोनी हात लावत नाई." तेव्हा मात्र मला राहवेना. एक बाई आपल्या डब्याची वेळ देऊन, कुणी शिकवत नसताना, स्वतःच्या डोक्यानं शिकत होती. माझ्या एका फाजील वाक्यानं ते बंद पडलं होतं. तिनं पुन्हा मशीनसमोर बसावं एवढंच मला हवं होतं, आणि ते कसं करायचं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

पुढच्याच शनिवारी पांढुर्ण्याची बस धरली. जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी बस खच्चून भरलेली, नारळ आणि रुईच्या माळा मांडीवर. ते सगळे फाट्यावर उतरले आणि पुढं मला खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, बागा संपल्या की कपाशी. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. माफी मागायची मला सवय नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'पण' येत होतं.

शाळा सुटली होती. मावशी व्हरांड्यात बरण्या धुऊन पालथ्या घालत होत्या. मला पाहून त्या गडबडल्या आणि मी जुळवलेली वाक्यं विसरले.

"मावशी, मी चुकली. तसं बोलाचं नव्हतं मले."

"तुमचं काय चुकलं जी? खरंच तर होतं." त्यांनी हात पदराला पुसले. "आमच्या घरी हेच शिकवलं. ज्याले वापस देता येत नाई, त्याच्यापासून घ्याचं नाई."

मावशींच्या घरचा आहेर माझ्या वस्तीत कधी आला नव्हता आणि माझ्या वस्तीचा त्यांच्या घरी गेला नव्हता, पण हा नियम दोन्हीकडं अगदी एकच होता. मलाही आईनं हेच शिकवलं होतं.

"बसा, च्या ठेवते," म्हणून त्या गेल्या. मी लॅबमध्ये शिरले. मशीनवर निळ्या फुलांचं झाकण होतं, मावशींनीच शिवलेलं असणार. मशीन चालतं का पाहावं म्हणून झाकण उचललं, तर कीबोर्डच्या खाली एक लांबट वही. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला माहीत होतं. मी उघडली.

माझीच यादी होती. त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रोग्राम, माझ्याच क्रमानं उतरवलेले. पण देणाऱ्याच्या नावाचा रकाना त्यांनी घेतलाच नव्हता. त्या जागी प्रत्येकासमोर निळ्या शाईत एक-दोन ओळी.

'शून्य दाबलं का बंद पडते.'

'हा अन् अकरा नंबरचा एकच हाये. फक्त नाव बदललं.'

'पोरायले लय आवडते. पन बेरीज चुकली तरी शाबास म्हनते.'

'चांगला. याच्यापेक्षा चोवीस नंबरचा चांगला.'

मोठ्या सरांचा एक प्रोग्राम होता, वर्गाची नावं वर्णक्रमानं लावून देणारा. सरांचा त्याच्यावर फार जीव. त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'चाळीस नावापरेंत मस्त. एकेचाळीसवं नाव घेत नाई.'

मी उभ्या उभ्या पानं उलटत होते. त्या बाईनं एकूण एक प्रोग्राम चालवून पाहिला होता. एकदा नाही, उलटसुलट आकडे देऊन, मुलं बसवून, चुकीचं बटण मुद्दाम दाबून. आणि मी? बैठकीत मी मोठ्या तोऱ्यात सांगायची की माझ्या यादीतलं सगळं तपासलेलं आहे. त्यातले निम्मेसुद्धा मी चालवले नव्हते. आले, लिहून घेतले.

मग माझा निकालपत्रकाचा प्रोग्राम आला. आपला तो बाब्या, त्यामुळे मी जरा हसतच वाचायला घेतलं. समोर लिहिलं होतं, 'मॅडमचा. वेचनीत गेलेल्या पोराले नापास करते.'

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. वर्षात चार चाचण्या व्हायच्या. कापूस फुटला की मजुरांची आणि छोट्या शेतकऱ्यांची मुलं आईबरोबर वेचणीला जायची आणि त्या दिवसांतली एखादी चाचणी बुडायची. शाळेचा नियम असा की बुडालेली सोडून बाकीच्यांची सरासरी धरायची. माझा प्रोग्राम रिकाम्या जागेला शून्य समजायचा आणि चारनं भागायचा. मूल तीन चाचण्यांत पास असलं तरी नापास.

मी स्वतः सहावी, सातवी आणि आठवीत वेचणीच्या चाचण्या बुडवल्या आहेत. कमरेला कापसाची ओटी बांधून, आईच्या शेजारच्या सरीत. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची, ती फाटलेली बोटं मला अजून दिसतात. आणि प्रोग्राम लिहिताना त्या मुलीची मला आठवणसुद्धा झाली नव्हती. भोपाळच्या त्या थंडगार खोलीत बसून मी असा वर्ग गृहीत धरला होता, ज्यात सगळी मुलं रोज हजर असतात. मला लाज वाटली. रडू आलं असतं, पण तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि माझ्या हातात वही पाहून जागच्या जागी थांबल्या.

"वाचू नका जी ते! थे काई लोकायले दाखवाचं नोय."

"काऊन नोय?"

"कोनी हौसेनं देल्लं, अन् मी त्याच्यात खोडी काढून राहिली. चांगलं दिसते का? समजाले पायजे म्हनून लिहिलं. फाडूनच टाकनार होती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईजवळ द्यायला काही नाही असं ती समजत होती, मी समजत होते, सगळे हसले होते, आणि सगळ्या शाळांत मिळून देण्यासारखी जी एकच वस्तू होती ती इथं झाकणाखाली पडलेली. आहेराच्या वहीत 'चेपलेली' लिहायचं नसतं, म्हणून तिनं ती लपवली होती. आणि मी, जन्मभर सगळ्यांना नावं ठेवणारी, नेमकी जिथं ठेवायची तिथं तोंड बंद करून बसले होते.

मी म्हणाले, "मावशी, हे वही मले द्या. याच्यावरून नवी यादी करू."

"नाई बाप्पा! लोकं काय म्हनतीन? चपराशीन होऊन सरायच्या चुका काढते?"

"तुमचं नाव नाई टाकत."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. "घेऊन जा," शेवटी म्हणाल्या. "पन मी सौंसरले नाई येत."

"या जी. नुसतं बसाले या. माह्यासाठी या."

आठवडाभर मी नवं स्टेन्सिल कापत होते. या वेळी रकाने वेगळे. काम काय, कॅसेट कोणती, काउंटर किती, आणि अडतो कुठं. देणाऱ्यांची नावं सगळ्यात खाली, एका परिच्छेदात, आभारासह, कोणत्या नावाचा कोणता प्रोग्राम ते न लिहिता. पाढ्यांचे चौदा होते त्यातला एक राहिला. फिरती ब्लाउजपीसं सगळी गेली. माझा निकालपत्रकाचा गेला. तो काढताना हात जरा अडखळला हे कबूल करते. मोठ्या सरांचाही काढावा लागला, तेव्हा हात चांगलाच अडखळला. त्रेसष्टचे एकोणीस झाले. कागद अर्धाच भरला आणि मला तो पहिल्यापेक्षा भारी दिसला.

बैठकीच्या दिवशी मावशी आल्या. दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, चपला सहज सापडतील अशा ठिकाणी काढून. मी कागद वाटले. खोलीत कागदांची सळसळ झाली. प्रत्येक जण आपला प्रोग्राम शोधत होता.

"बाई, माझा दिसत नाई," मोठे सर म्हणाले.

"माझाबी नाई सर. माझा पयले काढला." मी माझ्या प्रोग्रामची वेचणीची गोष्ट सांगितली. एकदोघं हसले, बाकीचे नाही.

"तुमचा तुमी काढा. माझ्यात काय वाईट होतं? दोन वर्षं चालवून राहिलो मी." सरांचा आवाज चढला. त्यांना असं बोलताना आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. "कोनी ठरवलं हे?"

मी म्हणणार होते, मी ठरवलं. शब्द तोंडात तयार होता. पण दाराजवळ स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"मी चालवून पायला जी," मावशी म्हणाल्या. उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "चाळीसपरेंत लय मस्त चालते सर. असा कोनाचाच नाई चालत. पन एकेचाळीसवं नाव टाकलं का थांबते."

सगळे सरांकडं पाहायला लागले. सर मशीनपाशी गेले. कॅसेट लावली, प्रोग्राम चढेपर्यंत खोलीत फक्त टेपची चाकं फिरत होती. मग ते नावं टाकायला लागले. नावं कसली, एकेक अक्षर. आम्ही सगळे मनात मोजत होतो. चाळीस झालं. सरांनी एकेचाळीसावं टाकलं आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येऊन मशीन थांबलं.

सरांनी चष्मा काढला. "आमच्या वर्गात चाळीसच असतात," ते म्हणाले, जरा हळू.

"आमच्याकडं बासष्ट हायेत जी," मावशी म्हणाल्या. "बेंच पुरत नाई. मागची पोरं खाली बसतेत."

सरांनी प्रोग्रामची सुरुवात पडद्यावर आणली, दुसऱ्याच ओळीत चाळीसचा आकडा होता तो पुसला, तिथं शंभर लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून अक्षरं टाकायला बसले. एकेचाळीस गेलं. बासष्ट गेलं. सत्तरला ते थांबले, प्रोग्राम कॅसेटवर पुन्हा भरला आणि कॅसेट बाहेर काढली. यादी करणारी म्हणून मी हात पुढं केला. सर माझ्या हातापुढून तसेच दाराकडं गेले.

"मावशी, नेऊन पाहा," ते म्हणाले. "आनखी जे सापडन ते लिहून पाठवा. लपवाचं नाई."

माझा हात तसाच पुढं राहिला, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. सरांचं पाहून दुसऱ्यानं खिशातून कॅसेट काढली. मग तिसऱ्यानं. पाढे सतरापर्यंतच नेणारे गृहस्थही उठले, "जरा माह्याबी पायजा" म्हणत. मावशी एकेक घेऊन पिशवीत टाकत होत्या आणि पेन्सिलीनं वरच्या कागदावर खूण करत होत्या. पांढुर्ण्याची बस साडेचारची होती. चपला पायात सरकवून त्या निघाल्या आणि दारातून परत वळल्या.

"मॅडम, तुमचा कुठं हाये? वेचनीवाला?"

"थो चुकीचा हाये मावशी."

"म्हनूनच तर मांगून राहिली."

मी दिला. त्यांनी तो पिशवीत सगळ्यांच्या वर ठेवला, पिशवी खांद्याला अडकवली आणि घाईनं बसस्टँडकडं गेल्या. बदल्यात काय आणू, असं त्या दिवशी त्यांनी कुणालाच विचारलं नाही.